सोडून देण्यासाठी धरलेला मासा

मागील वर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या भाच्याने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. तो मिनियापोलिस शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. सुटी काढून तीन मित्रांबरोबर तो उत्तरेकडे, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या तलावांच्या मुलखात, होडी घेऊन आठवडाभर राहायला गेला होता. फोटोत तो गुडघाभर पाण्यात उभा आहे. मागे काळेशार पाणी, पलीकडे पाइनच्या झाडांची रांग, आणि दोन्ही हातांत आडवा धरलेला हातभर लांबीचा मासा. खाली ओळ होती, 'पकडला, फोटो काढला, सोडून दिला.' आम्ही वाचताक्षणी 'माशाअल्लाह' असे उत्तर धाडले आणि फोन अब्बांच्या हाती दिला.

अब्बांनी फोन डोळ्यांजवळ नेला. नातवाकडे पाहून हसले. मग माशाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "खायचा नव्हता, तर धरला कशाला?"

आम्ही म्हणालो, "तिकडे तसा शौक असतो."

"शौक याचा. माशाचा काय?"

अब्बांचा जन्म कोकणातल्या खाडीकाठचा. भरती-ओहोटीची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळते. पाग टाकून बोय काढणे, गळ लावून शेंगटीची वाट पाहणे, यात त्यांचे उभे आयुष्य गेले. त्यांनी मारलेल्या माशांची मोजदाद कोणी करू शकणार नाही. अशा माणसाला एका जिवंत सोडलेल्या माशाची कणव यावी, हे आम्हांला प्रथम चमत्कारिक वाटले. मारणारा विचारतो आहे आणि सोडणारा उत्तर देतो आहे! व्यवहारात हे उलटे असायला हवे. पण प्रश्न मनातून जाईना. त्याच प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम त्या मुलखाविषयी थोडे सांगायला हवे. मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला 'बाउंडरी वॉटर्स' नावाचे राखीव अरण्य आहे. विस्तार सुमारे ११ लाख एकर, आणि त्यात हजारांहून अधिक तलाव. सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात त्याला लागूनच 'क्वेटिको' हे दुसरे राखीव अरण्य आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्यांनी खडक खरवडून हे खळगे तयार केले आणि बर्फ वितळल्यावर ते पाण्याने भरले. रस्ता नाही, वीज नाही, आणि बहुतेक तलावांत इंजिनाच्या होडीला परवानगी नाही. कनू नावाची निमुळती, हलकी होडी वल्हवत एक तलाव ओलांडायचा, मग तीच होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि जंगलातल्या पायवाटेने पुढच्या तलावापर्यंत चालत जायचे. या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात आणि तिची लांबी 'रॉड' या जुन्या मापाने मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीची लांबी.

तिथले नियम वाचून आम्हांला नवल वाटले. एका तुकडीत नऊपेक्षा अधिक माणसे आणि चारपेक्षा अधिक होड्या नकोत. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायच्या नाहीत. मुक्कामासाठी परवाना काढायचा आणि हंगामात दर वाटेने रोज किती तुकड्या आत जाऊ शकतात, तेही ठरलेले. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हुकूम काढून या भागावरून कमी उंचीवर विमाने उडवण्यास मनाई केली. १९६४ साली अमेरिकेत अरण्य-संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७८ साली खास या तलावांसाठी वेगळा कायदा झाला. १९६४च्या कायद्यामागचा विचार असा की, अशा जागी मनुष्य हा पाहुणा आहे. त्याने यावे, राहावे आणि मागे खूण न ठेवता निघून जावे.

आपल्याकडच्या सहलींची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे वाचून थोडी शरम वाटेल. धबधब्याखाली प्लास्टिकच्या ताटल्या आणि किल्ल्याच्या तटावर नावे कोरणे ही आमची रीत. वुजू करताना पाणी वाया घालवू नका, मग तुम्ही वाहत्या नदीकाठी का असेना, ही शिकवण आम्ही वर्गात मुलांना सांगतो. हौदावर नळ सोडून गप्पा मारणारे मोठे लोक मुले रोज पाहतात. तेव्हा त्या मुलखातल्या लोकांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे कबूल केले पाहिजे.

अब्बांचा प्रश्न आम्ही फोनवर भाच्याला सांगितला. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "मासा हे निमित्त आहे. तिथे फोन लागत नाही. पहाटे पाण्यावर धुके असते आणि लून पक्षी ओरडतो. खडकावर फज्र पढलो. किब्ला ईशान्येकडे येतो, होकायंत्र काढून दिशा लावली. शहरात नमाज पढताना डोक्यात कामाचा हिशोब चालतो, तिथे पहिल्यांदा नुसती नमाज झाली. गळ टाकून बसले की माणूस गप्प राहायला शिकतो. आणि आम्ही मासा मारत नाही, सोडतो. तलावातले मासे टिकावेत म्हणूनच ना!"

त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. 'पकडा आणि सोडा' ही पद्धत त्या देशांत पुण्यकर्मासारखी मानली जाते. थंड पाण्यातले मासे फार सावकाश वाढतात. येणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक मासा घरी नेला असता, तर तलाव रिकामे व्हायला वेळ लागला नसता. गळ टाकणाऱ्या लोकांनीच या पाण्याची राखणही केली आहे. सिगर्ड ओल्सन हे लेखक तरुणपणी ईली या गावातून लोकांना होडीने तलावांत नेणारे वाटाडे होते. पुढे आयुष्यभर त्यांनी या अरण्यासाठी लढा दिला. अमेरिकेत १९५० सालच्या एका कायद्याने मासेमारीच्या सामानावरील कराचा पैसा माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. म्हणजे शौकिनाच्या खिशातून तलावाचे रक्षण होते. क्वेटिकोत तर आकड्याला उलटा काटा असलेला गळ वापरायला आणि जिवंत आमिष लावायला बंदी आहे, जेणेकरून माशाच्या तोंडातून गळ सहज निघावा. यात काळजी आहे, हे कोण नाकारेल?

तरीही अब्बांचा प्रश्न जागच्या जागी उभा राहतो. कारण तो तलावाविषयी नाही, त्या एका माशाविषयी आहे. तलावात मासे किती उरले, याचे उत्तर देऊन या माशाला का छळले, याचे उत्तर मिळत नाही.

इथे कोणी म्हणेल, माशाला कुठे काय कळते? हा मुद्दा शास्त्रज्ञांतही वादाचा आहे. २००२ साली जेम्स रोझ यांनी असे मांडले की, वेदना जाणवायला मेंदूचा जो विकसित भाग लागतो, तो माशाला नाही, म्हणून त्याची धडपड ही केवळ प्रतिक्रिया आहे. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या नसा असतात, आणि ओठाला दाहक द्रव्य टोचल्यावर मासा खाणे सोडतो, ओठ तळाच्या खड्यांवर घासतो, असे त्यांना आढळले. वाद तिथेच संपला नाही. पण जर्मनीच्या कायद्यात योग्य कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई आहे, आणि नुसत्या शौकासाठी मासा धरून सोडणे तिथे सामान्यतः त्या मनाईत बसते. स्वित्झर्लंडने २००८ सालच्या नियमांत सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरण्यास बंदी केली. आश्चर्य पाहा, तिथे मासा मारून खाणारा कायद्यात बसतो आणि सोडणारा बसत नाही. अब्बांनी जर्मनी पाहिलेली नाही, पण त्यांचा कौल तोच आहे.

आम्हांला वाटते, संशय असेल तिथे दुबळ्याच्या बाजूने झुकावे, हा साधा न्याय आहे. मुलाच्या पोटात खरेच दुखते की तो शाळा टाळतो आहे, हे शिक्षकाला नेहमी कळत नाही. न कळले तरी आधी त्याला बसवून पाणी द्यायचे असते. माशाला दुखत नसेल, तर त्याला न छळल्याने आपले काही गेले नाही. दुखत असेल, तर आपण एका मुक्या जिवाला खेळणे बनवले.

आता आपल्या दीनकडे वळू. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याची आमची पात्रता नाही. पण जे वाचले, ऐकले, त्यावर विचार करण्याची मोकळीक प्रत्येक मोमिनाला आहे. पाण्यातली शिकार कुरआनने हलाल ठरवली आहे. सूरह माइदामध्ये तर एहराम बांधलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना करून पाण्यातली शिकार मोकळी ठेवली आहे. तिथेच तिचा हेतूही आला आहे : तुमच्यासाठी आणि प्रवाशांसाठी लाभ. म्हणजे परवानगी आहे ती गरजेशी बांधलेली आहे. पोट, व्यापार, प्रवासाची शिदोरी.

दुसऱ्या बाजूला हदीस पाहा. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील की, या माणसाने मला कोणत्याही फायद्यासाठी मारले नाही. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी एकदा कुरैशच्या काही तरुणांना पाहिले. त्यांनी एक पक्षी बांधून ठेवला होता आणि त्याच्यावर तीर चालवून नेम साधत होते. चुकलेला प्रत्येक तीर पक्ष्याच्या मालकाला द्यायचा, असा सौदाही ठरला होता. म्हणजे व्यवहार चोख होता, मालकाची संमती होती. तरी इब्ने उमर म्हणाले की, जिवंत प्राण्याला निशाणा बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. मालकाने परवानगी दिली म्हणून पक्ष्याचा हक्क संपत नाही. परवान्याच्या कागदावर सरकारी शिक्का आहे म्हणून माशाचा हक्क संपतो काय?

आणखी एक हदीस आहे. जिबह करताना सुरी धारदार करून घ्या, जनावराला आराम द्या. प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, अल्लाहने लिहून ठेवले आहे. यावरून आम्हांला असे दिसते की, जीव घेण्याची परवानगी आणि जीव छळण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. आपण समजतो की, जो मारू शकतो तो छळू तर नक्कीच शकतो, कारण छळणे मारण्याहून कमी आहे. प्रत्यक्षात तसे नाही. मारण्याला भूक हे कारण आहे. छळण्याला कारणच नाही.

या संदर्भात आम्हांला 'असहाबे सब्त'ची हकीकत पुन:पुन्हा आठवते. सूरह आराफमध्ये ती आली आहे. समुद्रकाठची एक वस्ती. त्यांना शनिवारी मासेमारीस मनाई होती. परीक्षा अशी की, शनिवारीच मासे पाण्यावर वर वर दिसत आणि इतर दिवशी येत नसत. मुफस्सिर सांगतात की, त्या लोकांनी एक हीला शोधला. शनिवारी मासे जाळ्यात किंवा खड्ड्यांत अडकवून ठेवायचे आणि रविवारी उचलायचे. विचारले तर म्हणायचे, शनिवारी आम्ही मासा घेतलाच नाही! त्यांनी धरले, पण घेतले नाही, आणि त्या 'न घेण्या'मागे लपले.

आमचा भाचा आणि त्याच्यासारखे हजारो लोक त्या वस्तीसारखे गुन्हेगार आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण युक्तिवादाचा साचा ओळखीचा वाटतो. 'मी घेतले नाही, म्हणून मी काही केले नाही.' धरणे आणि घेणे यांच्या मध्ये जे घडले, ते हिशोबातून गाळून टाकायचे. गळ ओठात रुतला, दोर ताणला, जीव दहा मिनिटे लढला, उघड्या हवेत हातावर आला, फोटो निघाला. शेवटी 'सोडला' या एका शब्दाने हे सगळे पुसायचे. नफ्स फार हुशार असतो. तो गुनाहाला आवडेल त्या नावाने हाक मारतो आणि कधी कधी ते नाव दयेचेही असते.

हे सारे आम्ही सातवीच्या वर्गात मुलांपुढे ठेवले, नावे न घेता. मासा धरून सोडणे बरे की वाईट? अर्ध्या वर्गाने हात वर केले की बरे, कारण मासा वाचला. एक मुलगा मात्र मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. शेवटी उठून म्हणाला, "आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधतो. मग सोडतो. तेपण तसेच ना?" वर्ग शांत झाला. आम्हीही. कारण लहानपणी तो दोरा आम्हीही बांधला आहे, आणि सोडलेला चतुर कुठे जाऊन पडतो, हे कधी पाहायला गेलो नाही.

आता त्या 'पाहुणा' शब्दाकडे पुन्हा यावे लागेल. अरण्यात माणूस पाहुणा, हा विचार सुंदर आहे, पण अपुरा आहे. पाहुणा म्हटले की यजमान कोण, हा प्रश्न येतो. हे तलाव ओस नव्हते. ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे राहत आले. बर्च झाडाची साल, सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि झाडाचा चीक लावून बुजवलेले सांधे, अशी ती मूळची होडी त्यांचीच कला. आजची वीस-बावीस किलोची केवलरची कनू तिचीच नक्कल. खडकांवर लाल गेरूने काढलेली माणसांची, मूस हरणांची, होड्यांची चित्रे आजही दिसतात. १८५४च्या तहाने मिनेसोटातला हा भाग अमेरिकी सरकारकडे गेला, पण शिकार-मासेमारीचा हक्क ओजिब्वे लोकांनी राखून ठेवला. कॅनडाच्या बाजूला १८७३ साली तह झाला. तिथे लाक ला क्रुआ समूहाची एक राखीव वस्ती क्वेटिकोच्या हद्दीत होती. १९१५ साली ऑन्टारिओ सरकारने ती एकतर्फी रद्द केली. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती १९९१ साली. मधल्या शहात्तर वर्षांत ज्यांचे ते घर होते, ते उपरे ठरले आणि सुटीत येणारे पाहुणे ते 'निर्मनुष्य अरण्य' पाहून भारावून जात राहिले.

जी जागा रिकामी करून घेतली, तिला आपण रिकामी सापडली असे म्हणतो. आपल्या देशातही धरणासाठी, अभयारण्यासाठी उठवलेल्या गावांचे लोक हे जाणतात. या ओजिब्वे लोकांची एक रीत आम्हांला फार महत्त्वाची वाटली. तलावातला जंगली तांदूळ काढण्यापूर्वी किंवा निसर्गातून काही घेण्यापूर्वी ते चिमूटभर तंबाखू अर्पण करतात. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. आपण बिस्मिल्लाह म्हणतो ते फक्त अल्लाहचे नाव घेऊन. पण घेण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हे आपले नव्हते असे कबूल करणे, ही जाणीव दोहोंत आहे. सोडून देण्यासाठी धरणाऱ्याला अशा वेळी काय म्हणता येईल? जे घ्यायचेच नाही, त्यावर शुक्र कसला करणार?

कुरआनने माणसाला जमिनीवर खलीफा म्हटले. मालक म्हटलेले नाही. सगळे अमानत म्हणून मिळालेले. आणि सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. म्हणजे घर भरलेले आहे आणि घराचा मालक अल्लाह आहे. पाहुण्याने यजमानाने वाढलेले पोटभर खावे, त्यात संकोच नको. पण जेवण नको म्हणून सांगून यजमानाच्या लेकराला चिमटे काढत बसणे, आणि रडू लागल्यावर 'घ्या, सोडला' म्हणणे, याला कोणत्या देशात तहजीब म्हणतात?

इथे लेख संपवला असता, तर तो आमच्या बाजूने फार सोयीचा झाला असता. वाचणाऱ्यांनीही समाधानाने मान हलवली असती की, आम्ही तर खाण्यासाठीच मारतो, आमचा हिशोब साफ आहे. तो साफ आहे काय? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१६ साली सरकारला पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. २०१७ साली केंद्राने समुद्रात एलईडीचा झगझगाट करून मासे गोळा करण्यावर बंदी आणली. ही वेळ का आली? बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लेही ओढून नेणारे खाण्यासाठीच मारत होते. ज्याने अंडी घातली नाहीत असा मासा बाजारात आणणारा आणि तो स्वस्त मिळाला म्हणून आनंदाने घेणारा, दोघेही 'गरज' हाच शब्द वापरतात. लग्नाच्या दावतीनंतर उकिरड्यावर गेलेल्या बिर्याणीतल्या जनावरानेही कयामतमध्ये उभे राहून तेच म्हणायचे ठरवले, की मला कोणत्याही फायद्यासाठी मारले नाही, तर आमच्यापैकी किती जणांची नावे निघतील? गरजेचे नाव घेऊन हाव पोसणे हाही हीलाच आहे. सोडणारा दयेच्या नावामागे लपतो, आपण भुकेच्या.

आणि दूर गेल्याने माणूस निर्दोष होतो, असेही नाही. त्या उत्तरेच्या तलावांतल्या माशांत पारा आढळतो. मिनेसोटा सरकार कोणता मासा किती खावा, याच्या सूचना देते. पारा तिथे कोणी ओतलेला नाही. तो मुख्यतः हवेतून येतो, दूरदूरच्या कोळशाच्या भट्ट्यांतून निघालेला. ज्या माणसाने कधी ते पाणी पाहिले नाही, त्याच्या घरातल्या दिव्याचा धूरही तिथल्या माशाच्या अंगात उतरलेला असू शकतो. म्हणून 'मागे खूण ठेवू नका' हा नियम आठवडाभराच्या सहलीपुरता पाळून भागत नाही.

मग करावे काय? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे कसोटी साधी आहे. गळ टाकण्यापूर्वी नियत काय होती? खाण्यासाठी टाकला आणि लहान मासा आला किंवा कायद्याने न ठेवण्याजोगा आला, तर तो सोडणे हे कर्तव्य आहे. त्यात छळ असला तरी तो हेतू नव्हता. पण धरण्याआधीच सोडायचे ठरले असेल, तर मिळवायचे होते ते काय? त्या जिवाची धडपड हातात जाणवणे, एवढेच. दुसऱ्याची धडपड हीच जिथे मौज असते, तिथून माणसाने लवकर निघावे. खाण्याएवढा मासा मिळाला की गळ गुंडाळून ठेवावा. धुके, लूनचा आवाज, ती शांतता आणि ती फज्र यासाठी गळाची अट नाही. अल्लाहने ते विनामोल ठेवले आहे.

हे सर्व आम्ही भाच्याला लिहून कळवले. 'माशाअल्लाह' म्हणण्यात आमची घाई झाली, हेही लिहिले. असहाबे सब्तच्या वस्तीत एक तिसरा गटही होता. तो स्वतः मासे धरत नव्हता, पण समजावणाऱ्यांना म्हणत होता, कशाला यांना नसीहत करता? परदेशात असलेल्या, कर्तबगार, सगळ्यांच्या लाडक्या मुलाला काही सांगायचे म्हणजे आपणही नकळत त्या गटात जाऊन बसतो. अब्बा बसले नाहीत.

आठ दिवस उत्तर आले नाही. आम्हांला वाटले, मुलगा रागावला. मग एका रात्री त्याचा फोन आला. आधी नानांची तब्येत विचारली. नंतर म्हणाला, "त्या फोटोतला मासा वॉलाय होता. खोल पाण्यातून काढला होता, तीस-पस्तीस फुटांवरून. एकदम वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, ती त्याला लवकर रिकामी करता येत नाही. हे मला नंतर कळले. फोटोसाठी काठावर आणला, त्यात आणखी वेळ गेला. सोडला तेव्हा तो खाली जाईना. कुशीवर पडून तरंगत राहिला. आम्ही वल्ह्याने ढकलून पाहिले. मग एक गरुड आला आणि त्याला घेऊन गेला. तो फोटो आम्ही काढला नाही."

आम्ही काय बोलणार? थोड्या वेळाने तोच म्हणाला, "नानांना सांग, धरला कशाला याचे उत्तर माझ्याजवळ नाही."

आम्ही अब्बांना सगळे सांगितले. गरुडाचे ऐकून ते म्हणाले, "चला, कोणाच्या तरी पोटात गेला." मग थोडे थांबून म्हणाले, "त्याला म्हणावे, पुढच्या खेपेला एकच धर. नीट भाजून खा. आणि काटे पाण्यात टाकू नको, पुरून ठेव."